नागपूर फिरायला येताय? आधी तारीख, मग गेट, मग हॉटेल

माझ्या घरी वर्षभर पाहुण्यांचा राबता असतो. पुण्याचे, कोल्हापूरचे, नाशिकचे. निघण्याआधी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हॉटेल बुक केलंय, आता काय काय बघायचं ते सांगा."

घोळ इथूनच सुरू होतो. नागपूरच्या सहलीत हॉटेल शेवटी ठरवायचं असतं. जंगलं शहरापासून साठ ते दीडशे किलोमीटरवर आहेत, तीही चार वेगवेगळ्या दिशांना. शहरातली बरीच ठिकाणं सोमवारी बंद असतात. वर्षातले काही आठवडे असे असतात की साध्या लॉजचीही खोली मिळत नाही. क्रम चुकला की पैसे जातात, झोप जाते आणि शेवटी "नागपुरात बघण्यासारखं काही नाही" असं म्हणत माणूस परततो. ते ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून पाहुण्यांना दर वेळी फोनवर जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

## १. कशासाठी येताय ते एका ओळीत लिहा

वाघ बघायचा आहे की शहर? दीक्षाभूमीला नमन करायचं आहे की रामटेक-आदासा असं देवदर्शन? की लग्नाला येताय आणि हाताशी दीड दिवस आहे? उत्तर कागदावर लिहा आणि पहिल्या क्रमांकावर एकच गोष्ट ठेवा, कारण तारीख त्या गोष्टीवरून ठरते.

वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत वाढते. जंगल वाळतं, पाणवठे आटतात आणि जनावर उरलेल्या पाण्यावर येतं. पण त्याच दिवसांत नागपूरचा पारा ४५ च्या घरात असतो आणि दुपारी अकरा ते पाच रस्त्यावर फिरणं धोक्याचं असतं. शहर आणि देवळं बघायची असतील तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ चांगला. संत्री वर्षातून दोनदा येतात. आंबिया बहराची ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये.

मला विचाराल तर फेब्रुवारी. हवा बरी असते, जंगल उघडं असतं, मृग बहराचं फळ बाजारात येतं आणि हॉटेलांचे भाव ताळ्यावर असतात.

सावधान: पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पांचा कोअर, म्हणजे आतला गाभ्याचा भाग पर्यटकांसाठी बंद असतो. या काळात कुणी "ताडोबा सफारी" विकत असेल तर ती बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाची असते. बफरला जायला हरकत नाही, पण कोअर समजून पैसे मोजू नका.

## २. तारीख पक्की करण्याआधी दिनदर्शिका उघडा

बाहेरच्यांना ठाऊक नसलेले काही दिवस आहेत. ते माहीत नसल्याने सगळ्यात जास्त फटका बसतो.

डिसेंबरमधलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार आणि बंदोबस्ताचे पोलीस सगळे शहरात असतात. चांगल्या हॉटेलांच्या खोल्या आधीच अडवलेल्या असतात, उरलेल्यांचे भाव चढतात. सिव्हिल लाइन्स, झीरो माईल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट या पट्ट्यात मोर्चे आणि अडथळे असतात. अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, नेमका त्याच भागात आहे. अधिवेशनाच्या तारखा बऱ्याचदा उशिरा जाहीर होतात, म्हणून डिसेंबरची सहल असेल तर नाताळानंतरचे दिवस धरा किंवा सरळ जानेवारीवर ढकला.

दसरा आणि १४ ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या गर्दीतला भाव अनुभवायचा असेल तर जरूर या. फक्त रेल्वेचं आरक्षण आणि मुक्काम फार आधी करा, आणि रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर या बाजूला गाडी नेण्याचा विचार सोडा. स्तूप शांतपणे बघायचा असेल तर या दिवसांच्या पुढेमागे आठवडाभर सोडून या.

पोळ्याचा दुसरा दिवस. काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. इतवारी आणि महाल भागात पाय ठेवायला जागा नसते. मिरवणूक बघायची तर आधीच पोचून उभं राहायचं. बघायची नसेल तर त्या दिवशी इतवारीत खरेदीला जाऊ नका.

रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा असते आणि कोराडीला नवरात्रात रांगा लागतात. दर्शन निवांत हवं असेल तर तेही दिवस टाळा.

आता साप्ताहिक सुट्ट्या. सोमवारी अजब बंगला बंद, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय बंद, कडबी चौकातलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही बंद. मंगळवारी ताडोबा बंद. शनिवार-रविवार सफारी महाग आणि मिळायला कठीण. त्यामुळे "शनि-रवि-सोम" अशी सोयीची वाटणारी सुट्टी नागपूरसाठी सगळ्यात गैरसोयीची ठरते. बुधवार ते शनिवार जमवा.

तपासा: तुमच्या तारखांत सोमवार येतो का? येत असेल तर तो रामटेकसाठी किंवा सेवाग्रामसाठी ठेवा.

## ३. सफारी: आधी गेट, मग बाकी सगळं

हा टप्पा सावकाश वाचा. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

"ताडोबा बुक केलं" या वाक्याला तसा अर्थ नाही. ताडोबाला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी अशी वेगवेगळी गेटं आहेत. तुमच्या परवान्यावर ज्या गेटाचं नाव असेल त्याच गेटातून प्रवेश मिळतो. कोलारा चिमूरच्या बाजूला आहे, नागपूरहून येणाऱ्याला ते जवळ पडतं. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आहे. नकाशावर दोन्ही एकाच हिरव्या ठिपक्याच्या कडेला दिसतात, पण बाहेरच्या रस्त्याने एकाकडून दुसरीकडे जायला दोन तास सहज लागतात.

पेंचचा घोळ याहून मोठा. हे जंगल दोन राज्यांत पसरलंय. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा ही गेटं महाराष्ट्रातली. तुरिया, कर्माझिरी, जमतरा ही मध्य प्रदेशातली. दोन्ही राज्यांचं आरक्षण वेगळ्या संकेतस्थळांवर होतं, नियम वेगळे, सुट्टीचा वार वेगळा. खुर्सापार आणि तुरिया एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे रिसॉर्ट "पेंच" म्हणून विकताना नेमकं कुठलं गेट ते सांगत नाही. तुम्ही विचारायचं. भाड्याच्या टॅक्सीने तुरियाला जाणार असाल तर राज्याची हद्द ओलांडताना गाडीला मध्य प्रदेशचा कर भरावा लागू शकतो. तो भाड्यात धरलाय का हेही आधी विचारा, नाहीतर सीमेवर वाद होतो.

उमरेड-कऱ्हांडला शहरापासून साधारण साठ किलोमीटरवर आहे. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांसाठी ते सोयीचं. हाताशी एकच दिवस असेल आणि घरात लहान मुलं असतील तर मी ताडोबाऐवजी हेच सुचवतो.

आता आरक्षणाचा क्रम:

पहिलं, गेट निवडा. दुसरं, वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या गेटाची तारीख रिकामी आहे का बघा. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" असलं पाहिजे. शोधयंत्रावर सगळ्यात वर येणारी पानं बहुतेक वेळा एजंटांची असतात. त्यांवर वाघाचा मोठा फोटो आणि "मर्यादित जागा" अशी घाई असते. एजंटाकडून करायला बंदी नाही, पण तो किती जास्त घेतोय ते कळायला मूळ दर आधी बघून ठेवा. तिसरं, नावं ओळखपत्रावर आहेत तशीच भरा. "बंटी" आणि "पिंकी" चालत नाही. चौथं, परवाना हातात आल्यावरच त्या गेटाजवळचा मुक्काम ठरवा.

परवाना, जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आणि गाइड असे खर्चाचे तीन भाग असतात. कुणी एकच आकडा सांगितला तर त्यात तिन्ही आहेत का विचारा. गेटावर पोचल्यावर "जिप्सीचे वेगळे" ऐकायला लागलं तर तिथे तुमच्या हातात काही उरत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तेव्हा चौघे असाल तर दोन जागांचा खर्च कोण उचलणार हेही ठरवून घ्या.

सावधान: "वाघ नक्की दाखवू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जंगलात नक्की असं काही नसतं. गेटाबाहेर कुणी "ओळखीने आत सोडतो" म्हणत असेल तर तिथून बाजूला व्हा. परवाना नावावर असतो, तो असा हातोहात फिरत नाही.

सकाळची सफारी घेऊन नागपूर शहरात झोपायचं, ही चूक मी जवळून पाहिली आहे. माझ्या बहिणीचं कुटुंब कोल्हापूरहून आलं होतं. हॉटेल वर्धा रोडवर, सफारी सकाळची, गेट मोहर्ली. पहाटे तीनला निघायचं ठरलं. मुलं उठेपर्यंत साडेतीन झाले, वरोऱ्याच्या पुढे धुकं लागलं. पोचलो तेव्हा जिप्स्या आत जाऊन बराच वेळ झाला होता आणि गेटाचा आडवा दांडा खाली होता. माझा आठ वर्षांचा भाचा स्वेटर घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून त्या दांड्याला धरून उभा राहिला. भाऊजी कर्मचाऱ्यांना विनवत होते. त्यांनी नियम सांगितला आणि तो बरोबरच होता. पैसे गेलेच, पण मला अजून तो दांडा धरून उभा असलेला पोरगाच आठवतो.

तेव्हापासून नियम केलाय: ताडोबाची सकाळची सफारी असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम गेटाजवळच. ते जमणार नसेल तर दुपारची सफारी घ्या आणि शहरातून सकाळी निवांत निघा.

तपासा: परवान्याची छापील प्रत, त्यात दिलेलं मूळ ओळखपत्र (झेरॉक्स चालत नाही), गेटाचं नाव, सकाळ की दुपार. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, तेव्हा फोटो काढायचे तर वेगळा कॅमेरा लागेल. थंडीत उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच. मातकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका.

## ४. आता मुक्काम

सफारीच्या रात्री गेटाजवळ काढायच्या ठरल्यावर शहरासाठी किती रात्री उरतात ते मोजा. बहुतेकांना एक किंवा दोन पुरतात.

सीताबर्डी, रामदासपेठ, धंतोली हा भाग मध्यवर्ती आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच भेटतात. पण धंतोली-रामदासपेठेत दवाखाने खूप आहेत आणि तिथले लॉज रुग्णांच्या नातेवाइकांनी भरलेले असतात, त्यामुळे ऐनवेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नका. विमानतळाजवळ म्हणून जाहिरात करणारी काही हॉटेलं प्रत्यक्षात वर्धा रोडवर पार मिहानच्या बाजूला असतात. शहर बघायचं असेल तर ती दूर पडतात. अंतर नकाशावर मोजा, जाहिरातीतल्या "पाच मिनिटं" वर जाऊ नका.

एप्रिल ते जुलैत येणाऱ्यांसाठी एक प्रश्न महत्त्वाचा: खोलीत एसी आहे की कूलर? मे महिन्याच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर छान गारवा देतो, त्याला नाक मुरडू नका. पण पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा येतो आणि तोच कूलर अंग चिकट करून सोडतो. मेमध्ये कूलर चालेल, जूनअखेरनंतर एसीच घ्या.

सावधान: स्टेशनबाहेर "तुम्ही म्हणता ते हॉटेल बंद झालं, दुसरं दाखवतो" असं कुणी म्हणालं तर रिक्षात बसण्याआधी हॉटेलला फोन लावा.

## ५. ठिकाणं दिशेप्रमाणे जोडा

"नागपूरजवळची पंचवीस ठिकाणं" अशा याद्या वाचून लोक सकाळी रामटेक आणि दुपारी सेवाग्राम असा बेत करतात. एक ईशान्येला, दुसरं नैर्ऋत्येला. दिवस गाडीत जातो. शहराबाहेर जायचं तर एका दिवशी एकच रस्ता धरा.

जबलपूर रस्ता: कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध विहार, पुढे कन्हान, मनसर आणि रामटेक. रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. सकाळी लवकर निघून आधी थेट रामटेकला जा, गड चढा, कालिदास स्मारक बघा, खाली अंबाळा तलावाशी थांबा, हवं तर खिंडसी तलावाला जा आणि परतीच्या वाटेवर ड्रॅगन पॅलेस ठेवा. उलट केलंत तर गडाच्या पायऱ्या भर उन्हात चढाल. गडावर माकडं धीट आहेत. प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवू नका, बॅगेत घाला. चष्मा आणि मोबाईल सांभाळा. मुलाच्या हातात केळं देऊन फोटो काढण्याचा मोह तर अजिबात नको.

सावनेर रस्ता: कोराडीची जगदंबा, पुढे धापेवाडा आणि आदासा. अर्ध्या दिवसात होतं. आदासा चाळीसेक किलोमीटरवर आहे.

वर्धा रस्ता: पवनार आणि सेवाग्राम. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. सेवाग्रामला घाई करू नका. तिथे तासभर झाडाखाली बसता आलं नाही तर गेल्यासारखं वाटत नाही.

उमरेड रस्ता: कऱ्हांडल्याची सफारी. त्या दिवशी दुसरं काही नको.

चिखलदरा नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, शेवटी घाट आहे. "एका दिवसात चिखलदरा" असं कुणी विकत असेल तर घेऊ नका. त्याला स्वतंत्र मुक्कामाची सहल हवी.

## ६. शहरातला दिवस

आधी, काय वगळायचं ते सांगतो.

सीताबर्डीचा किल्ला प्रत्येक यादीत असतो. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडतो. इतर दिवशी फाटकापाशी जाऊन परत यावं लागतं. ओळखपत्र घेऊन त्या दिवशी जाता आलं तर जरूर जा.

झीरो माईल हा चार घोड्यांसह उभा असलेला दगडी स्तंभ आहे. दहा मिनिटांत बघून होतो. त्यासाठी रिक्षा ठरवू नका, मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं आहे, अजब बंगल्याला जाता-येता बघा.

फुटाळा तलावातल्या रंगीत कारंज्याचे व्हिडिओ फिरत असतात. व्हिडिओची तारीख बघा आणि त्या आठवड्यात खेळ आहे का याची खात्री करूनच संध्याकाळ त्यासाठी राखा. कारंजं नसलं तरी फुटाळ्याचा सूर्यास्त असतोच आणि तो फुकट आहे. काठावरच्या ठेल्यांवर खाण्याआधी भाव विचारा.

आता मी पाहुण्यांना ज्या क्रमाने फिरवतो तो क्रम. सकाळी आठच्या सुमारास दीक्षाभूमी. तेव्हा शाळांच्या सहली आलेल्या नसतात, स्तूपात शांतता असते. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. पादत्राणं बाहेर काढा, आत मोठ्याने बोलू नका आणि फोटोबद्दलची सूचना वाचा. बाहेर पुस्तकांचे स्टॉल आहेत, तिथे वेळ काढा. बाबासाहेबांचं लेखन इतक्या विषयांवर, इतक्या स्वस्त आवृत्त्यांत एका जागी क्वचित मिळतं. ही लाखो माणसांच्या आयुष्याला वळण देणारी जागा आहे, सेल्फीसाठी पायरीवर ठाण मांडू नका.

तिथून अकराच्या आत अजब बंगला. १८६३ साली स्थापन झालेलं संग्रहालय आहे, किमान दीड तास द्या. दुपारचं जेवण झाल्यावर उन्हात फिरायचं नाही, म्हणून गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र. मुलं असतील तर तारांगणाचा खेळ कुठल्या भाषेत आणि किती वाजता आहे ते तिकीट काढतानाच विचारा. नाहीतर हिंदीच्या खेळाची वेळ निघून जाते आणि लहान मुलं इंग्रजीच्या खेळात कंटाळतात. संध्याकाळी टेकडी गणपती किंवा तेलंगखेडीचा हनुमान, आणि शेवटी फुटाळा.

एवढं एका दिवसाला भरपूर झालं. गोरेवाड्याची बससफारी यात कोंबू नका, तिला वेगळी सकाळ द्या.

सावधान: उन्हाळ्यात आम्ही नागपूरकर डोकं आणि कान दुपट्ट्याने बांधूनच बाहेर पडतो, ते हौसेसाठी नव्हे. टोपी पुरत नाही, कानाला गरम वारा लागता कामा नये. एसीतून थेट उन्हात आणि उन्हातून थेट बर्फाच्या पाण्यावर जाऊ नका.

## ७. फिरायचं कसं

मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. शहरातल्या दिवसासाठी ही सगळ्यात स्वस्त आणि गारेगार सोय. पण तीन गैरसमज दूर करा. विमानतळाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान जड असेल तर तेवढ्या अंतरासाठी रिक्षा लागते. दीक्षाभूमीच्या दारातही स्टेशन नाही, रहाटे कॉलनी किंवा काँग्रेस नगरला उतरून पुढे रिक्षा करावी लागते. आणि कामठीला मेट्रो जात नाही, ऑटोमोटिव्ह चौकात संपते.

रेल्वेने येताना तिकिटावर "नागपूर", "अजनी" की "इतवारी" ते नीट बघा. तिन्ही वेगळी स्टेशनं आहेत. मुख्य स्टेशनलाही दोन बाजू आहेत, घ्यायला येणाऱ्याला "संत्रा मार्केटच्या बाजूला" की "मुख्य दाराशी" ते आधी सांगा, नाहीतर दोघं दोन टोकांना उभे राहता.

रिक्षासाठी आधी मोबाईलच्या ॲपवर त्या अंतराचं भाडं बघा, मग विचारा. "किती घ्याल?" असं विचारलं की समोरचा तुमची बॅग बघून आकडा सांगतो. "झाशी राणी चौक, इतके देतो" असं म्हणा. भाडं पूर्ण गाडीचं की सीटचं हेही स्पष्ट करा, कारण बऱ्याच रिक्षा सीटवर चालतात.

बाहेरगावी टॅक्सी करताना हे सहा प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून विचारा आणि उत्तरही लिहूनच घ्या: दर किलोमीटरला किती, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, मोजणी तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून, टोल आणि पार्किंग कुणाचं, चालकाचा भत्ता किती, रात्रीचा आकार किती वाजल्यापासून. निघताना आणि परतल्यावर मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. चालकाला जेवायला विचारा, तो दिवसभर तुमच्यासाठी गाडी चालवतोय.

## ८. खाणं: कुठे फसतात

तर्री पोहे सकाळचे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला किंवा कुठल्याही चौकातल्या गर्दीच्या ठेल्यावर दहाच्या आत खा. हरभऱ्याचा तिखट रस्सा पोह्यांवर ओततात, ती तर्री. सवय नसेल तर "तर्री वेगळी द्या" म्हणा आणि चमच्याने घेत चला. सांबारवडी मागवली आणि सांबार आलं नाही म्हणून भांडू नका, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण, त्याची पाटी आता गल्लोगल्ली आहे. बाहेरच्यांची चूक अशी की पहिल्याच दिवशी, प्रवासातून आल्या आल्या, रात्री उशिरा भरपेट सावजी खातात आणि दुसऱ्या दिवशीची सफारी आजारपणात काढतात. सावजी दुपारी खा, सफारी उरकल्यावर. रस्सा आधीच शिजवलेला असतो, तेव्हा "तिखट कमी करा" म्हणून काही होत नाही. चौघांत दोन प्लेट मागवा, भाकरी आणि भात जास्त घ्या, मग लागेल तसं वाढवा. मांसाहार नसेल तर पाटवडी रस्सा किंवा डाळकांदा घ्या. गर्दी बघून जागा निवडा. दुपारी एकच्या सुमारास आसपासचे दुकानदार आणि कारागीर जिथे जेवतायत तिथे बसा. चकचकीत पाटी आणि चार भाषांतला मेनू असलेल्या ठिकाणी सावजीच्या नावाखाली लाल रंग आणि तेल मिळण्याची शक्यता जास्त.

सावधान: "नागपूरची खासियत" म्हणून कुणी खर्रा पुढे केला तर घेऊ नका. ती तंबाखू आणि सुपारी आहे. माझ्या ओळखीतल्या माणसांची तोंडं त्याने उघडेनाशी झाली आहेत. मुलांना चवीपुरताही देऊ नका.

## ९. खरेदी शेवटच्या दिवशीच

संत्री पहिल्या दिवशी घेऊन गाडीच्या डिकीत ठेवली की तिसऱ्या दिवशी वास येतो. म्हणून खरेदी निघायच्या दिवशी.

आधी हंगाम बघा. मे-जूनमध्ये "ताजी नागपुरी संत्री" नसतात. त्या दिवसांत जे विकलं जातं ते शीतगृहातलं किंवा दुसरीकडचं. पंजाबकडचा किन्नूही नागपुरी म्हणून खपवतात. ओळख सोपी आहे: नागपुरी संत्र्याची साल सैल असते, देठाजवळ अंगठा घातला की हाताने सुटते. किन्नूची साल घट्ट, चकचकीत आणि आत बिया जास्त. ऑक्टोबरातलं आंबिया बहराचं फळ वरून हिरवट दिसलं म्हणून सोडू नका, आतून ते गोड असू शकतं. रंगापेक्षा वजन बघा. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या, जड असेल त्यात रस.

अमरावती रोड किंवा काटोल रोडवर कॅरेट घेताना ते तुमच्यासमोर रिकामं करून घ्या. एकदा मी वरची फळं बघूनच कॅरेट उचललं होतं. घरी उलटं केलं तर दुसऱ्या थरापासून लिंबाएवढी फळं, आणि तळाला एक पार मऊ झालेलं, त्याच्या पाण्याने आजूबाजूची चार भिजलेली. आता मी विक्रेत्याला आधीच सांगतो, "दादा, ओतून दाखवा, मग भाव बोलू." चांगला विक्रेता लगेच ओततो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही. कळमन्याच्या घाऊक बाजारात डझनभर संत्र्यांसाठी जाऊ नका, तिथला व्यवहार मोठ्या मालाचा आहे.

संत्रा बर्फी घेताना डबा उलटा करून घटक वाचा. संत्र्याचा गर लिहिला असेल तर घ्या. नुसता रंग आणि इसेन्स असेल तर ती साखरेची वडी आहे. बनवल्याची तारीख आणि किती दिवस टिकते तेही बघा. उन्हाळ्यात चोवीस तासांच्या प्रवासात खव्याची मिठाई नेऊ नका.

टसरची साडी घ्यायची असेल तर रिक्षावाल्याने "माझ्या ओळखीचं दुकान" म्हटलं की नम्रपणे नाही म्हणा, त्याचं कमिशन तुमच्या बिलात येतं. करवती काठ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी, विणलेली असते. पदर उलटा करा. छापलेला काठ मागून फिका दिसतो, विणलेला मागूनही ठसठशीत दिसतो. पक्कं बिल घ्या. इतवारीत घाऊक दुकानं रविवारी बंद असतात.

संत्री रेल्वेत नेताना प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारू नका. भोकं असलेल्या खोक्यात तळाला कागद घाला, फळं देठ वर करून दोनच थर लावा आणि खोकं सीटखाली सरकवा, वर बॅग ठेवू नका. घरी पोचलात की आधी ते उघडा आणि नरम झालेली दोन-चार फळं बाजूला काढून त्याच संध्याकाळी खाऊन टाका.